वास्तुपुरुषाला इंग्रजी येतं का?

अक्का,

तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि तुमची पाठ माझ्या पाठीपेक्षा सरळ होती. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, बसलेलंच मातीत नेतात, हे काय मला नवीन नाही. तरी तुम्हाला तसं बघून वाटलं, आता चष्मा वर सरकवणार आणि म्हणणार, "इंदे, स्पेलिंग सांग."

कपाळभर विभूती, गळ्यात झेंडू. बाहेर ओट्यावर माझा नातू फोनवर एकेका पाहुण्याला कळवत होता, "मोठी आजी एक्स्पायर झाली." खोकल्याच्या बाटलीसारखं! मला हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तर बायकांना वाटलं मी रडतेय, आणि त्यांनी माझ्या पाठीवर असे धपाटे घातले की खरंच रडू आलं. तुमच्यामाझ्यात आयुष्यभर असंच चाललं म्हणा. मी हसायला लागायची आणि निघायचं काहीतरी दुसरंच.

तेवढ्यात माझी सून आली. एका हातात हिरव्या बांगड्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात पांढरी साडी. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "आत्याबाई, मोठ्या आत्याबाईंना चुडा भरायचा का न्हाय?"

विधीला आलेले स्वामी म्हणाले, "आपल्यात सधवा-विधवा काय न्हाय बाई. लिंग हाती, विभूती कपाळी, झालं." खरं आहे त्यांचं. पण गावातल्या बायका धर्माचं ऐकतात होय? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कारण या घरात तुम्ही सवाष्ण म्हणून राहिलात की विधवा म्हणून, हे कुणी कधी बोललंच नव्हतं, आणि त्या दिवसांतली मी एकटीच उरलेय. मी म्हणाले, "थांबा जरा." त्या थांबल्या. मी तुमच्या तोंडाकडं बघत बसले.

तुम्ही सोलापूरच्या. तुमच्या वडलांनी तुम्हाला इंग्रजी शाळेत घातलं आणि मग काय सुचलं कोण जाणे, निजामाच्या हद्दीत अणदूरच्या अलीकडं आमच्या किराणा दुकानदारांच्या घरात दिलं. मी तुमच्या मागून धाकटी जाऊ म्हणून आले तेव्हा मला परकर नीट सावरता येत नव्हता, पण तोरा असा की हैदराबादची बेगमच. माहेरी चार यत्ता झाल्या होत्या ना! गावात शाळा होती ती उर्दू, तीही पोरांची. तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात विचारलंत, "इंग्रजी शिकतीस का गं?" मी म्हणाले, "येतं मला." आणि एबीसीडी म्हणून दाखवली. एलएमएनओपी हे एकच अक्षर आहे अशी माझी समजूत होती.

आपल्या शाळेला ना फळा होता ना पुस्तक. मोठे भाऊजी, म्हणजे तुमचे यजमान, दुकानाचा माल आणायला बैलगाडी घेऊन सोलापूरला जायचे. हिंग, सुपारी, साखर. तिकडचे व्यापारी पुड्या बांधायचे इंग्रजी वर्तमानपत्रांच्या रद्दीत. नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, जमादार गाडी उपसून बघायचा. अखंड वर्तमानपत्र सापडलं तर शंभर प्रश्न, पण पुडीच्या कागदाला कोण विचारतंय? दुपारी मामंजी दुकानात कलंडले की तुम्ही पुड्या सोडायच्या, कागद मांडीवर सपाट करायच्या, कणगीमागून जाडजूड डिक्शनरी काढायच्या, आणि आपण शेंगा फोडत शब्द फोडायचो. तेलकट कागदाला दोन्हीकडची अक्षरं दिसायची. वाक्यं अर्धी, कडेला फाटलेली. पुढचं आपण अंदाजानं बोलायचं.

आणि कागद कुठले? लढाईच्या दिवसांतले. लढाई समुद्रापलीकडं झाली आणि आमच्या स्वयंपाकघरात ती हिंगाच्या वासानं आली. मला चमचा, मांजर, खिडकी यांना इंग्रजीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं. पण 'कॅपिट्युलेट' येत होतं, म्हणजे शरण जाणं. 'बिसीज्ड', म्हणजे वेढा पडलेलं. 'एव्हॅक्युएट', म्हणजे जागा मोकळी करून निघून जाणं. 'इमिनंट' तुम्ही फार छान सांगितला होता. म्हणालात, "अजून दिसत न्हाय, पण दाराशी येऊन उभं हाय, असं." मी विचारलं, "म्हणजे पाव्हणा?" तुम्ही म्हणालात, "पाव्हणा असंल तर बरंच."

मी त्या शब्दांचं काय केलं ते आठवलं की आज या वयात कान गरम होतात. म्हैस पान्हा चोरायला लागली की तिला 'ऑब्स्टिनेट' म्हणायची. म्हैस आणखीच चोरायची. माझ्या मालकांनी एकदा पाय चेपायला सांगितले, तर मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "युवर प्रपोजल इज अनॅक्सेप्टेबल." ते उठून थेट आपल्या दोघींच्या सासूबाईंकडं, आत्याबाईंकडं गेले, "आई, हिला बाहेरचं लागलंय." मग मला पाटावर बसवून मीठ-मिरच्या उतरल्या. चुलीत मिरच्या तडतडत होत्या, माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि तुम्ही दाराआड तोंडात बोळा कोंबून हसत होतात. धाकट्या जावेचा बळी जात असताना हसणारी मोठी जाऊ तुमच्यासारखी तुम्हीच.

आत्याबाईंचं राज्य निजामापेक्षा कडक होतं. घरात अशुभ शब्द काढायचा नाही. तेल संपलं म्हणायचं नाही, तेल वाढलं म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. सापाला लांबडं म्हणायचं. घराबाहेर पडताना 'जाते' नाही, 'येते.' कारण तुळईवर वास्तुपुरुष बसलाय, आणि तो बोललेल्या शब्दाला कधी तथास्तु म्हणेल याचा नेम नाही. मी एकदा "तेल संपलं" म्हणाले तर उलथणं बसलं हातावर. दुसऱ्या खेपेला मी अक्कल लढवली. रिकामी बुधली वर धरून म्हणाले, "ऑइल इज डिप्लीटेड!" आत्याबाई म्हणाल्या, "शिवशिव म्हणतीस का? म्हण, म्हण."

मला वाटलं, सापडला खजिना. जे मराठीत बोलायचं नाही ते सगळं इंग्रजीत बोलायला मोकळीक. त्या दुपारी मी तुम्हाला तो शोध सांगितला, तर तुम्ही शेंगा बाजूला ठेवल्या.

"असलं बोलू नको इंदे."

"का? त्याला कुठं इंग्रजी येतंय?"

"कुणाला?"

मी बोटानं तुळई दाखवली.

तुम्ही म्हणालात, "इतकी वर्षं निजामात राहून उर्दू शिकलाच की तो. इंग्रजी शिकायला काय लागतंय?"

"मग तथास्तुला इंग्रजीत काय म्हणतो?"

"ते त्याला विचार. मला न्हाय विचारायचं."

तुम्ही थट्टा करत होता की खरंच भीत होता, हे मला त्या दिवशी कळलं नाही. नंतरही आपण किती वेळा भांडलो यावर! वीज आली तेव्हा, रेडिओ आला तेव्हा, टीव्ही आला तेव्हा. मी म्हणायची येत नाही, तुम्ही म्हणायच्या येतं. निकाल लागला नाही तो नाहीच.

मग एकेक शब्द कागदातून उतरून गावात यायला लागला.

आधी 'इमिनंट' आला. दिसायचं काही नाही. पण बाजारच्या दिवशी माणसं लवकर उठून जायला लागली. विहिरीवर बायका बोलता बोलता थांबायच्या. निजामाच्या नावानं काठ्या-बंदुका घेऊन फिरणाऱ्या त्या टोळ्यांचं नाव घरात घ्यायचं नाही असा हुकूम झाला. 'ते' म्हणायचं. "ते काल ओढ्याला दिसले." "ते पलीकडच्या वाडीत उतरलेत." आत्याबाई 'ते' म्हणतानाही आवाज उतरवायच्या. मग 'एव्हॅक्युएट' आला. समोरच्या आळीतली दारं बंद व्हायला लागली, रोज एखादं. तुळशीला पाणी घातलेलं असायचं आणि माणसं नसायची. एका सकाळी उगवतीला धूर दिसला. दुपारपर्यंत सरळ वर चढत होता, वारंच नव्हतं. मी मूर्ख! घराच्या माळवदावर चढून तुम्हाला ओरडून म्हणाले, "अक्का, कॉन्फ्लॅग्रेशन! मोठी आग!" अर्थासकट. परीक्षेत पहिली आल्यासारखी. तुम्ही माझा हात धरून मला खाली बसवलंत.

भाऊजी बोलायचे कमी. पण सोलापूरला व्यापाऱ्याकडं पुडीचा कागद बघून माल घ्यायचे, हे मला दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं. "साखर कसली बी द्या, म्हणतात, कागद इंग्रजी पायजे." तुमच्यावरची माया त्यांनी तशीच बांधून आणली, हिंगात, सुपारीत. पुढं पुढं गाडी जाताना रिकामी दिसायची, पण कडब्याखाली सरहद्दीपलीकडून निजामाशी लढणाऱ्या आपल्या माणसांसाठी काहीतरी असायचं. काय असायचं ते आपण विचारलं नाही. कडबा मात्र बैल खातील त्यापेक्षा जास्त असायचा.

भाऊजी निघाले तो दिवस. तुम्ही भाकरीचं फडकं हातात दिलंत. मी मागून ओरडले, "भाऊजी, लांब लांब शब्दांचा कागद आणा!"

"आणतो की," ते म्हणाले. "तुझ्या म्हशीला पुरतील इतके." आणि तुमच्याकडं बघून, "बरं, जातो."

आत्याबाई आतून कडाडल्या, "येतो म्हणावं!" पण गाडी वळली होती.

ठरलेला दिवस गेला. आणखी गेले. मग एक धनगर मेंढरं घेऊन दारावरून चालला होता, तो थांबला. मामंजींना म्हणाला, "मालक, तुमची गाडी नाल्यात हुबी हाय. बैल जुपलेलेच हायत. गाडीवान न्हाय."

आत्याबाई दारात आल्या. "बैल हायत न्हवं? मग माझं लेकरू बी असंल. गेलं असंल कुठं आडोशाला." पुढं त्या सगळ्यांकडं वळून जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "यावर घरात कुणी एक शबूद बोलायचा न्हाय. इचारायचं न्हाय, रडायचं न्हाय. ज्यानं बोललं त्यानं त्याला मारलं असं मी समजंन."

मामंजी आणि माझे मालक जाऊन बैल घेऊन आले. गोठ्यात बैलांचे पाय धुवत बसले, घागरीमागून घागर. मी विचारलं, एवढं काय लागलंय? माझे मालक म्हणाले, "माती." आणि पाठ फिरवली.

त्या दिवसापासून सकाळी आत्याबाई स्वतः तुम्हाला कुंकू लावायला लागल्या. तुमची हनुवटी धरून, अंगठ्यानं दाबून. रोज थोडं मोठं. तुमच्या कपाळावर ते कुंकू वाढत चाललं होतं आणि त्याखालचं तोंड लहान होत चाललं होतं. तुम्ही जेवायच्या, दळायच्या, पाणी आणायच्या. रडायला परवानगी नव्हती आणि न रडायला कारण नव्हतं.

मग ती माळवदावरची दुपार. आपण मिरच्या उलथत होतो. खाली घर झोपलं होतं. तुम्ही एक मिरची देठाला धरून फिरवत म्हणालात, "इंदे, प्रिझ्यूम म्हणजे?"

मी छाती काढली. "गृहीत धरणं. पुरावा नसताना खरं मानून चालणं."

"वाक्य कर."

आता माझी अक्कल बघा. "आय प्रिझ्यूम दॅट द बफेलो इज हंग्री."

तुम्ही हसलात. भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते हसू थांबेना. मग तोंड पुसून तुम्ही म्हणालात, "आता माझं ऐक." आणि अगदी हळू, शाळेत म्हणतात तसं, "माय हजबंड इज मिसिंग. ही इज प्रिझ्यूम्ड..."

आणि थांबलात.

पुढचा शब्द मला येत होता. बेपत्ता शिपायांच्या नावांपुढं तो छापलेला असायचा, हिंगाच्या प्रत्येक दुसऱ्या कागदावर. एवढासा शब्द, 'डेड'. मेलेला. आपण दोघींनी तो शेंगा खात खात शेकडो परक्या माणसांना लावला होता. तुमचे ओठ त्याच्यासाठी उघडले होते. मग तुम्ही खाली बघितलंत. आपल्याखाली माळवद होतं, माळवदाखाली तुळई होती, आणि तुळईवर तो होता. आपण त्याच्या डोक्यावरच बसलो होतो.

मी तरी बोलले असते का? माझी जीभ तर कायम दातांपुढं. पण मला मिरचीचा ठसका लागला. माझ्या सगळ्या आयुष्यातलं शहाणपण म्हणजे तो एक ठसका.

तुम्ही ओठ मिटलेत आणि मिरच्या उलथायला लागलात.

पुढं फौज आली, निजामी गेली, गावात झेंडा लागला, लोकांनी गूळ वाटला. सरहद्दीपलीकडून माणसं परत आली. दाढ्या वाढलेली, हडकलेली, पण आली. आत्याबाई प्रत्येक गाडीला वेशीपर्यंत जायच्या. ज्यांना माहीत असेल त्यांनी त्यांच्या तोंडाकडं बघून सांगितलं नसेल, आणि ज्यांना माहीत नव्हतं ते काय सांगणार? मामंजी गेले, माझे मालक गेले. बैलांच्या पायांना काय लागलं होतं ते दोघं बरोबर घेऊन गेले.

तुम्ही ओसरीवर पोरं जमवलीत. अर्ध्या गावाला तुम्ही इंग्रजी शिकवलंत, अक्का. साहेब झाली ती, परदेशी गेली ती, सगळी त्या ओसरीवर तुमच्या पट्टीखालून गेली. मलाही तुम्ही सोडलं नाहीत. चमचा, मांजर, खिडकी शेवटी शिकवलंतच. मी आज नातवाच्या मोबाइलवरचं वाचते आणि त्याला चुका काढून दाखवते ते तुमच्या जिवावर. पोरं तुम्हाला जगातला कुठलाही अवघड शब्द विचारायची आणि तुम्ही डिक्शनरीला हात न लावता सांगायच्या. 'विडो' म्हणजे विधवा, हा शब्द धड्यात आला की मात्र म्हणायच्या, "हे सोपं हाय. घरी विचारा."

आत्याबाई गेल्या. त्यानंतर तुमच्या कपाळाला अंगठा लावायला कुणी उरलं नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आरशापुढं बसून स्वतःच कुंकू लावलंत. तेवढंच मोठं. मला राहवलं नाही. विचारलं, "अक्का, आता कुणाच्या भ्यानं?"

तुम्ही आरशातूनच माझ्याकडं बघितलंत. "मला कुणी काय सांगितलंच न्हाय गं, इंदे," तुम्ही म्हणालात. "सांगितलं असतं तर पुसलं असतं."

मला वाटलं, तुम्ही मला सांगायला सांगताय. आणि लगेच वाटलं, सांगू नको म्हणताय. मी चहा ठेवायला उठले. मग इतकी वर्षं तो चहाच करत राहिले.

असं सगळं आठवत होतं आणि बायका थांबल्या होत्या. सून म्हणाली, "आत्याबाई, उन्हं चढायलीत."

मी म्हणाले, "हिरवी नेसवा. चुडा भरा." कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. विधवेला सवाष्ण करण्यापेक्षा सवाष्णीला विधवा करणं बायकांना जड जातं.

उजव्या हातात बांगड्या गेल्या. सुनेनं तेल लावून एकेक चढवली. मग तिनं डावा हात घेतला. तो गार पडून आखडला होता. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली, तिनं जरा जोर केला, आणि कट्कन आवाज झाला. हिरवा तुकडा तुमच्या मांडीवर पडला.

सून पुटपुटली, "वाढली."

"फुटली," मी म्हणाले.

"आत्याबाई..."

"फुटली म्हण. बांगडी फुटली."

तिच्या तोंडातून निघेना. मग मीच तुमच्यासमोर गुडघे टेकून बसले. माझे गुडघे कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या कानाशी गेले आणि माळवदावर अडकलेला शब्द मराठीत सांगितला, म्हणजे त्याला इंग्रजी येतं की येत नाही हा वादच नको. "अक्का, भाऊजी मेले. तेव्हाच मेले. नाल्यावर." अहो, आज असते तर शंभरी कधीच उलटली असती, आणि तरी सांगताना जीभ अशी अडखळली की जणू मीच आत्ता त्यांना मारतेय. बोलून झाल्यावर मी वर बघितलं नाही.

डाव्या हातात मग कुणी बांगडी भरली नाही. मी भरू दिली नाही. उजवा हात हिरवागार, डावा मोकळा, अशाच तुम्ही बसून राहिलात. स्वामी पुढं आले, त्यांनी तुमच्या गळ्यातलं लिंग सोडलं आणि त्या मोकळ्या हाताची बोटं एकेक करून उघडून तळव्यावर ठेवलं.